नळी टाकायची का, हा नंतरचा प्रश्न: थकलेल्या शरीराचे आयसीयूतले उपचार कुठवर न्यायचे

समजा, ८२ वर्षांच्या एक आजी आहेत. आयुष्य चुलीच्या धुरात गेलं, त्यातून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा फुप्फुसाचा आजार, जडला. आता न्यूमोनिया झालाय, ऑक्सिजन टिकत नाही म्हणून आयसीयूत आणलंय. रात्री दोन वाजता मुलाला दाराशी बोलावतात आणि विचारतात, ‘घशात नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? इथे सही करा.’ मुलगा म्हणतो, ‘डॉक्टर, जे करता येईल ते सगळं करा.’ दुसरं तो म्हणणार तरी काय? त्याच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या आहेत: सगळं करा, नाहीतर आईला मरू द्या.

खरं तर या दोन टोकांच्या मधेच बहुतेक वृद्ध रुग्णांचे योग्य उपचार असतात. आयसीयूत त्यांना दोन नावं आहेत. ‘उपचारांचं ध्येय’ म्हणजे हे सगळं कशासाठी चाललंय. ‘उपचारांची मर्यादा’ म्हणजे त्या ध्येयासाठी कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं. क्रम हाच. ध्येय ठरल्याशिवाय मर्यादा ठरवायला बसलं की नळी, शॉक, डायलिसिस अशी यादी समोर येते आणि घरची माणसं त्यावर टिक करत बसतात. दुकानातल्या यादीसारखं हे होत नाही, होऊ नये.

पंधरा दिवसांपूर्वी आजी काय करत होत्या?

हा पहिला प्रश्न. आज पलंगावर कशा दिसतात हे विचारायचं नाही, कारण न्यूमोनियात पस्तिशीचा माणूसही झोपूनच असतो. आजारी पडण्याच्या साधारण दोन आठवडे आधीचा रोजचा दिवस डोळ्यांसमोर आणायचा.

यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे, क्लिनिकल फ्रेल्टी स्केल (फ्रेल्टी म्हणजे जर्जरपणा). कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातल्या वृद्धरोगतज्ज्ञांनी ती बनवली. २००५ मध्ये ती छापून आली तेव्हा सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. पहिल्या तीन पायऱ्यांवर धडधाकट माणसं येतात, बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन व्यवस्थित फिरणारी सुद्धा. चौथीवर ‘हल्ली लवकर दमायला होतं’ म्हणणारी, पण कुणावर अवलंबून नसलेली. इथून पुढे जर्जरपणा सुरू होतो. पाचवी पायरी म्हणजे पेन्शनसाठी बँकेत सोबत लागते, गोळ्यांचा डबा सुनेनं भरून द्यावा लागतो, बाजारहाट सुटलाय. सहावी म्हणजे घराबाहेरचं सगळं दुसऱ्यानं करायचं, जिना एकट्यानं चढता येत नाही, आंघोळीला हात द्यावा लागतो. सातवी म्हणजे जेवण-शौचापासून सगळं दुसऱ्याच्या हातून, तरी प्रकृती तशी स्थिर. आठवी म्हणजे साध्या सर्दी-तापातूनही उठणं कठीण. नववी पायरी निराळी आहे: कर्करोगासारख्या आजारामुळे आयुष्य सहा महिन्यांच्या आतलं, पण अंगात अजून त्राण आहे, अशांसाठी ती ठेवलेली आहे.

पायरी ठरवताना चुका फार होतात. ‘चालतात का?’ एवढंच विचारलं तर ‘हो’ असं उत्तर येतं, आणि ते चालणं पलंगापासून मोरीपर्यंतचं असतं. म्हणून बारीक विचारावं लागतं. देवदर्शनाला शेवटच्या कधी गेल्या? इंडियन शौचालयातून स्वतः उठतात की कमोडची खुर्ची आणलीय? गेल्या वर्षभरात किती वेळा पडल्या? कपडे सैल झालेत का? साडी सोडून गाऊन कधीपासून घालू लागल्या? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा रिपोर्टच्या फायलीपेक्षा जास्त सांगून जातं. आणि हे प्रश्न रोज सोबत असणाऱ्या माणसाला विचारायला हवेत. सणासुदीला भेटणाऱ्या मुलाच्या मनातली आई दोन-तीन वर्षांपूर्वीची असते.

दुसरी चूक उलटी, फक्त वय बघण्याची. ८५ वर्षांचे आजोबा रोज शेतावर चक्कर मारत असतील तर ते तिसऱ्या पायरीवर आहेत. ६८ वर्षांचे, दोनदा अर्धांगवायू झालेले गृहस्थ सातव्या. वयावरून मर्यादा घालणं हा अन्याय आहे, आणि तो होतो. तिसरी चूक म्हणजे ही मोजपट्टी चुकीच्या माणसाला लावणं. ती ६५ च्या पुढच्यांसाठी आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुणाला रोज मदत लागते म्हणून तो जर्जर ठरत नाही. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं आयसीयूसाठी हीच मोजपट्टी वापरायला सांगितली. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच सुधारणा करावी लागली: कमी वयाचे रुग्ण, दीर्घकालीन स्थिर अपंगत्व, बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्यांना ही लावू नका.

जर्जर शरीर आयसीयूत का हरतं

निरोगी शरीरात प्रत्येक अवयवाची थोडी शिल्लक असते. जिना चढताना हृदय दुप्पट काम करू शकतं, एक मूत्रपिंड काढलं तरी भागतं. जर्जर माणसाची ही शिल्लक आधीच संपलेली असते. रोजचं काम जेमतेम चाललेलं असतं, म्हणून लघवीच्या साध्या इन्फेक्शननंही रक्तदाब, मूत्रपिंड, मेंदू असं एकापाठोपाठ एक कोलमडतं.

त्यात आयसीयूची स्वतःची किंमत असते. अनेक अवयव निकामी झालेल्या गंभीर रुग्णाच्या मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांत सहाव्या हिश्श्यानं किंवा त्याहूनही जास्त घटतो, सलाइन-प्रोटीन चालू असूनसुद्धा. तरुणाला ते परवडतं, कारण मुळात स्नायू भरपूर असतो. ज्या आजी खुर्चीच्या हातांना रेटा देऊन कशाबशा उठत होत्या, त्यांच्यासाठी तेवढीच घट म्हणजे कायमची खाट. श्वासाचा पडदाही स्नायूच आहे. व्हेंटिलेटर श्वास देत राहिला की तोही झिजतो आणि नळी काढायची वेळ आली की श्वास पेलत नाही. गिळण्याची ताकद जाते, मग अन्न श्वासनलिकेत उतरून पुन्हा न्यूमोनिया होतो. शिवाय रात्रंदिवस दिवे, अलार्म, अनोळखी चेहरे. माणूस भ्रमिष्टासारखा होतो, बरळतो, सलाइन ओढतो, मग हात बांधले जातात. (चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी घरून आणून द्या, रोज कुणीतरी ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. भ्रम टाळायला हे खरंच उपयोगी पडतं आणि याला खर्च नाही.)

युरोपातल्या २१ देशांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयसीयूत दाखल झालेले ८० किंवा त्याहून जास्त वयाचे पाच हजारांवर रुग्ण त्यात होते. १०० पैकी ४३ जण जर्जर निघाले. सगळे मिळून साधारण तिसरा हिस्सा ३० दिवसांत दगावला, आणि जर्जरपणाची पायरी जितकी वरची तितकी वाचण्याची शक्यता कमी, हे स्पष्ट दिसलं.

पण याच आकड्याची दुसरी बाजू: दोन तृतीयांश लोक महिन्यानंतर जिवंत होते. जर्जरपणा म्हणजे आयसीयूचं दार बंद, असं मुळीच नाही. पाचव्या पायरीवरच्या बाईंना लघवीच्या इन्फेक्शनमुळे रक्तदाब घसरलाय, मुतखडा अडकलाय. वेळेवर अँटिबायोटिक, खडा मोकळा करणं आणि दोन दिवस रक्तदाब वाढवणारं औषध, एवढ्यावर त्या घरी जाऊ शकतात. मूळ कारण लवकर दूर होण्यासारखं आहे का, हे पायरीइतकंच महत्त्वाचं आहे.

यंत्रं नेमकं काय करतात

व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. डायलिसिस मूत्रपिंड दुरुस्त करत नाही. घसरलेला रक्तदाब वर ठेवणारं नॉरअॅड्रेनलिन जंतू मारत नाही. ही सगळी साधनं शरीराला वेळ मिळवून देतात. त्या वेळात बरं व्हायचं काम शरीरानं आणि मूळ औषधानं करायचं असतं. शरीरात ती ताकद उरलेली नसेल तर यंत्र मिळवलेला वेळ फक्त लांबवतं. ‘यंत्र लावलं तर वाचेल ना?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून यंत्रात नसतं, आजारात आणि त्या माणसाच्या शिलकीत असतं.

घशातली नळी टाकताना आणि ठेवताना गुंगीचं औषध द्यावं लागतं, माणूस बोलू शकत नाही. दहा-बारा दिवसांत नळी निघाली नाही तर गळ्याला छिद्र पाडायचा, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचा विषय निघतो. नळी टाकायला होकार देताना हा पुढचा टप्पा कुणी सांगत नाही, पण तो त्याच होकारात दडलेला असतो. म्हणून नळीच्या आधीच विचारा: ‘आठ-दहा दिवसांत नाही निघाली तर पुढे काय?’

मास्कचा व्हेंटिलेटर, म्हणजे बायपॅप, निराळा. सुरुवातीच्या समजा म्हटलेल्या आजींसारख्या सीओपीडीच्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी आली असेल, तर बायपॅप हा अतिशय परिणामकारक उपचार आहे. तो ‘वरची मर्यादा’ म्हणून ठरवता येतो: बायपॅपपर्यंत सगळं नेटानं करू, त्यापुढे नळी टाकणार नाही. एक-दोन तासांनी आणि पुन्हा चार-सहा तासांनी धमनीतल्या रक्ताची तपासणी केली की तो लागू पडतोय की नाही ते कळतं. बिघडतो तो मास्कच्या मापामुळे. हवा कडेनं गळते, डोळ्यांत जाते. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर जखम होते. आणि कवळी काढून ठेवली की गाल आत जाऊन मास्क बसतच नाही. जेवण-पाण्यासाठी, तोंड ओलं करण्यासाठी तो मधे मधे काढता येतो. त्या वेळात आजी बोलूही शकतात, आणि हे फार मोलाचं आहे.

सीपीआरबद्दल, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करण्याच्या प्रयत्नाबद्दल, सर्वांत जास्त गैरसमज आहे. मालिकांमध्ये चार दाब आणि रुग्ण डोळे उघडतो. प्रत्यक्षात मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोरानं दाबावी लागते. ठिसूळ हाडांच्या माणसाच्या बरगड्या मोडतात, आणि नीट दाबलं तर मोडणारच. चालत्या-फिरत्या माणसाचं हृदय अचानक लयीतून घसरलं तर हा उपाय जीव वाचवतो. पण सहाव्या-सातव्या पायरीवरच्या माणसाचं हृदय इतर अवयव एकेक करून थकल्यावर सर्वांत शेवटी थांबतं, तेव्हा ते थांबणं हा मूळ आजार नसतो, आजाराचा शेवट असतो. अशा स्थितीत सीपीआरनंतर घरी जाणारे शंभरात अगदी मोजके. सीपीआर न करण्याचा निर्णय म्हणजे मृत्यूच्या वेळी बरगड्या मोडायच्या नाहीत, एवढाच. त्याचा अँटिबायोटिकशी, ऑक्सिजनशी, दर दोन तासांनी कूस बदलण्याशी काहीही संबंध नाही. तरीही ‘डीएनआर’ (सीपीआर करू नये) लिहिलेल्या रुग्णाच्या पलंगाशी नर्सच्या फेऱ्या कमी होतात, रात्रीचा डॉक्टर ताप आला तरी ‘आता काय करायचं’ म्हणतो. हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष आहे आणि घरच्यांची भीती अगदी रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे काय करणार नाही याच्या आधी काय काय करणार हे लिहायचं.

कागदावर योजना कशी दिसते

आजींची पायरी सहावी धरू. ध्येय: श्वासाचा त्रास कमी होऊन घरी, आपल्या माणसांत परत जाणं, तिथे खुर्चीवर बसता आलं, नातवाशी बोलता आलं तरी चालेल. योजना एका पानावर मावते. करणार: अँटिबायोटिक, ऑक्सिजन, बायपॅप, नेब्युलायझर, छातीची फिजिओथेरपी, नाकाच्या नळीनं किंवा तोंडानं आहार, रक्तदाब घसरला तर एका ठरलेल्या डोसपर्यंत नॉरअॅड्रेनलिन. करणार नाही: घशात नळी, डायलिसिस, सीपीआर. दम लागून जीव कासावीस झाला तर अगदी थोड्या डोसमध्ये मॉर्फिन. जवळचं एक माणूस शेजारी बसेल. ७२ तासांनी फेरविचार. खाली तारीख, वेळ, मुख्य डॉक्टरांची सही, आणि कुणाशी बोलून ठरलं त्यांची नावं.

तोंडी ठरलेलं टिकत नाही. दिवसाच्या डॉक्टरांनी दुपारी नीट बसून समजावलं, मुलीनं मान्य केलं, पण फाइलमध्ये एक ओळ नाही. पहाटे चारला ड्युटीवरचा निवासी डॉक्टर नवा. तो त्याच्या शिकवणीप्रमाणे नळी टाकतो, आणि त्याचं चुकलंही नाही. वॉर्डात हलवतानाही हा कागद मागे राहतो. तेव्हा शिफ्ट बदलताना नर्स नर्सला तोंडानं सांगते आणि कागद फाइलच्या पहिल्या पानावर राहतो, अशी पद्धत असलेलं रुग्णालय शोधा; नसेल तर रोज संध्याकाळी तुम्हीच विचारा, ‘आमचं ठरलेलं रात्रीच्या डॉक्टरांना माहीत आहे ना?’

खात्री नसेल तेव्हा: ठरावीक मुदतीचा प्रयत्न

पहिल्या दिवशी कुणालाच पक्कं सांगता येत नाही. वाचतील की नाही, हे अनुभवी डॉक्टरसुद्धा दाखल होतानाच ठामपणे सांगत असतील तर सावध व्हा. अशा वेळी सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे ठरावीक मुदतीचा प्रयत्न. पूर्ण उपचार सुरू करायचे, पण चार गोष्टी आधीच ठरवून: कशासाठी, कोणत्या खुणा बघायच्या, कधी बसायचं, आणि तेव्हा काय दिसलं तर काय करायचं.

मुदत आजारावर ठरते. रक्तात पसरलेल्या इन्फेक्शनसाठी दोन-तीन दिवस, न्यूमोनियासाठी तीन ते पाच, मेंदूच्या इजेला त्याहून बराच जास्त. थकलेलं शरीर सावकाश प्रतिसाद देतं, त्यामुळे २४ तासांत ‘काही फरक नाही’ म्हणून आटोपणं चूक आहे.

खुणा सोप्या असाव्यात. ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय: साध्या हवेत २१ असतो, ६० वरून ४० वर आला तर सुधारणा. लघवी: दर किलो वजनाला ताशी अर्धा मिलिलीटर, म्हणजे ५० किलोच्या माणसाला तासाला निदान २५ मिलिलीटर. गुंगीचं औषध थांबवल्यावर डोळे उघडतात का, हाक मारली तर बघतात का. रक्तदाबाच्या औषधाचा डोस कालपेक्षा कमी की जास्त. इथे एक सावधगिरी: पंपावरचा ताशी मिलिलीटरचा आकडा बघून अंदाज बांधू नका. सिरिंजमधलं औषध दुप्पट घट्ट केलं की पंपाचा वेग निम्मा होतो, डोस मात्र तोच राहतो. बाहेर मात्र ‘औषध निम्म्यावर आणलं’ अशी आनंदाची बातमी फिरते. डोस विचारा.

मुदतीचा प्रयत्न फसतो तो तारखेमुळे. ‘बघू काय होतं’ म्हणून सुरू केलेलं पंधराव्या दिवशीही ‘बघू’च असतं. दुसरं कारण, अवयवागणिक येणारे तज्ज्ञ. किडनीचे डॉक्टर म्हणतात क्रिएटिनिन कमी झालंय (डायलिसिसवर ते होणारच), छातीचे म्हणतात एक्स-रे थोडा साफ आहे, हृदयाचे म्हणतात इको ठीक. प्रत्येकाचं खरं असतं आणि आजींनी नऊ दिवसांत डोळे उघडलेले नसतात. सगळ्यांना एकत्र आणून ‘पूर्ण माणसाचं काय?’ हे विचारणारा एक डॉक्टर लागतो. तो कोण, हे पहिल्याच दिवशी नावानिशी विचारून ठेवा.

मुदत संपल्यावर सुधारणा दिसली तर पुढे चालू. बिघडलं तर ध्येय बदलून त्रास कमी करण्याकडे वळायचं. मधलीच अवस्था असेल, आणि बहुधा तीच असते, तर आणखी एक छोटी मुदत, पुन्हा तारीख घालून. दुसऱ्यांदाही जैसे थे असेल तर ते ‘स्थिर’ नसतं. ‘तब्येत स्थिर आहे’ या वाक्यानं घरच्यांची जितकी दिशाभूल होते तितकी दुसऱ्या कशानं होत नसेल. यंत्रांच्या आधारावर स्थिर आणि स्वतःच्या बळावर स्थिर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

घरच्यांना काय विचारायचं, घरच्यांनी काय सांगायचं

‘तुम्हाला काय हवंय?’ असं मुलाला विचारलं तर आई जिवंत हवीय, हेच उत्तर येणार. विचारायला हवं ते असं: ‘आईंना आत्ता समजलं असतं आणि बोलता आलं असतं, तर त्या काय म्हणाल्या असत्या?’ लगेच आठवणी निघतात. शेजारच्या काकांना तीन महिने नळ्यांवर ठेवलं तेव्हा ती म्हणाली होती, माझं असं करू नका. किंवा उलट: नातीचं लग्न बघितल्याशिवाय मी जाणार नाही. दोन्ही उत्तरं योजनेत उतरवता येतात. या प्रश्नानं मुलाच्या खांद्यावरचं ओझंही हलकं होतं, कारण तो स्वतः निर्णय घेत नसतो, आईचं म्हणणं पोचवत असतो. आणि शेवटची शिफारस डॉक्टरांनी करायची असते. पर्याय पुढे टाकून ‘तुम्ही ठरवा’ म्हणणं ही तटस्थता नाही, जबाबदारी टाळणं आहे.

रुग्ण स्वतः शुद्धीवर असेल तर आधी त्यांनाच विचारायचं. ‘आजोबांना सांगू नका, ते खचतील’ हे आपल्याकडे सर्रास होतं. आजोबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. सगळे हसऱ्या चेहऱ्यानं खोटं बोलतायत हेही कळलेलं असतं. ‘तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल?’ एवढ्या प्रश्नानं दार उघडतं. नको म्हणाले तर त्याचाही मान ठेवायचा.

बोलणं उभ्या-उभ्या, कॉरिडॉरमध्ये होऊ नये. वीसेक मिनिटं, बसून, घरातल्या निर्णय घेणाऱ्या सगळ्यांसमोर. परदेशातला मुलगा चौथ्या दिवशी विमानतळावरून थेट येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायला लावतो, तो दुष्ट नसतो. बाकीच्यांनी चार दिवस जे पाहिलं ते त्यानं पाहिलेलं नसतं. पहिल्याच भेटीत त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. आणि पैशांचं बोलणं वेगळं, पण उघडपणे करा. खर्च झेपत नाही हे सांगायची लाज वाटून ‘आता त्रास नको’ अशा शब्दांत ते मांडलं जातं, आणि मग सुधारू शकणारा रुग्ण घरी नेला जातो. झेपत नसेल तर सरळ सांगा. सरकारी रुग्णालय, योजना, वैद्यकीय समाजसेवक यांचा मार्ग तेव्हाच निघतो.

कायदा काय म्हणतो

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कृत्रिम आधार काढण्याचा मार्ग पहिल्यांदा मान्य केला, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीनं. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली. ती पद्धत इतकी किचकट होती की कुणी वापरेना, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करण्यात आली.

आता असं इच्छापत्र करायला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं निर्णय घेणारी एकाहून अधिक माणसं त्यात नेमता येतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं.

इच्छापत्र असो वा नसो, आधार काढायचा किंवा सुरूच करायचा नाही हे ठरवताना रुग्णालयात दोन मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळाबाहेरचे दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती लागते, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. त्यांची परवानगी मागायची नसते. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. सीपीआर न करण्याबाबत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात अर्जाचा नमुनाही आहे. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं हा मात्र आपल्याकडे गुन्हाच आहे. या दोन्हींची गल्लत करून घाबरलेले डॉक्टर ‘आमच्याकडे असं काही करत नाहीत’ म्हणतात.

आधार काढताना आणि घरी नेताना

आधार काढणं म्हणजे बटण बंद करणं नाही. आधी दम आणि वेदनेचं औषध: जर्जर माणसाला शिरेतून एक-दोन मिलिग्रॅम मॉर्फिन, श्वासाची धडपड बघत बघत वाढवायचं, मूत्रपिंड बंद असेल तर त्याऐवजी फेंटॅनिल. त्रासाच्या मापानं दिलेलं मॉर्फिन मृत्यू ओढून आणत नाही. मग रक्त तपासण्या, बोटाला टोचून शुगर, दर तासाचं बीपी थांबवायचं. मॉनिटरचा आवाज बंद, नाहीतर सगळे नातेवाईक माणसाऐवजी आकड्यांकडे बघत राहतात. त्यानंतर रक्तदाबाचं औषध, शेवटी व्हेंटिलेटर. घशात घरघर वाजेल, श्वास थांबून थांबून येईल, हे आधी सांगायचं; ऐकणाऱ्याला ते भयंकर वाटतं, शुद्ध हरपलेल्या माणसाला त्याचा त्रास होत नाही. काही मिनिटं लागतील की दोन दिवस, हे कुणी सांगू शकत नाही. तोंड दर दोन-तीन तासांनी ओलं करायचं. गंगाजल द्यायचं असेल तर कापसाच्या बोळ्यानं ओठ भिजवा, चमच्यानं घशात ओतू नका; तुळशीचं पान ओठांवर ठेवा.

आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा हे काहीच होत नाही. ‘घरी न्या’ म्हणतात, घरचे ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ यावर सही करतात आणि अँब्युलन्समध्ये अंबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत आजींना नेलं जातं. गावात ना ऑक्सिजन ना मॉर्फिन. घरी नेणं हा चांगला पर्याय असू शकतो, पण तो नीट ठरवलेला डिस्चार्ज हवा. कागदावर निदान आणि ‘त्रास कमी करणे हे ध्येय’ असं स्पष्ट लिहिलेलं. भाड्यानं मिळणारा मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, आणि लाइट जाते तिथे भरलेला सिलिंडरही. हवेची गादी. तोंडातून द्यायचं मॉर्फिन आणि सोबत पोट साफ राहायचं औषध; २०१४ च्या कायदेदुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, पण लहान गावात ते मिळत नाही, त्यामुळे निघतानाच पुरेसं घ्या. रात्री फोन उचलेल अशा एका डॉक्टरांचा नंबर. आणि त्याच डॉक्टरांना आधी विचारून ठेवा की घरी मृत्यू झाल्यावर ते येऊन कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म ४ए, देतील का. हे न विचारल्यामुळे पहाटे पाच वाजता दाखल्यासाठी दारोदार फिरावं लागतं आणि स्मशानात अडवणूक होते.